वेबसाइटचा मजकूर स्क्रीन रीडरला वाचता यावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत, विश्रामबागेत बसून पतसंस्था, वाचनालयं, बेदाण्याचे व्यापारी, भडंगवाले अशा मंडळींच्या वेबसाइटचा मजकूर लिहितो आणि दुसऱ्यांनी लिहिलेला दुरुस्त करतो. मिरजेचा माझा एक मित्र जन्मापासून अंध आहे. मी केलेलं प्रत्येक पान तो आधी ऐकतो, मग शिव्या घालतो, मग मी ते पुन्हा करतो. लोक परत परत विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. खाली ‘मित्र’ म्हटलं की तो हाच.

स्क्रीन रीडर म्हणजे मोबाइल मोठ्यानं वाचून दाखवतो तेच ना?

तेवढंच नाही. वाचून दाखवणं हे त्याचं एक काम झालं. मेनू, बटण, फॉर्ममधला रकाना, आलेला मेसेज असं पडद्यावरचं सगळं तो बोलून सांगतो आणि वापरणारा माणूस कीबोर्डनं किंवा बोटांनी त्याला हवं तिथे नेतो. काही जण बोलण्याऐवजी ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे ब्रेलचे ठिपके वर-खाली होणाऱ्या पट्टीवर, बोटांनी वाचतात. विंडोजवर एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर खूप चालतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो २००६ साली सुरू केला, आणि ते स्वतः अंध आहेत. जॉज हा त्याहून जुना, विकत घ्यावा लागणारा. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. आपल्याकडे बहुतेकांची गाठ पडते ती टॉकबॅकशी, कारण फोन प्रत्येकाच्या खिशात असतो.

एक गोष्ट आत्ताच ध्यानात घ्या, पुढची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. पानावर जे दिसतं ते स्क्रीन रीडर बघत नाही. पानाच्या पोटात जो मजकूर साठवलेला असतो तो उचलतो. तुमच्या डोळ्यांना सुबक मराठी दिसत असेल आणि पोटात कचरा असेल, तर तो कचराच वाचणार.

आमच्याकडे अंध गिऱ्हाईक येतच नाही ओ. कशाला एवढा खटाटोप?

येत नाही की येऊन परत जातं, हे तुम्हाला कळणार कसं? दुकानाच्या पायरीवर अडखळलेला माणूस गल्ल्यावरून दिसतो. वेबसाइटवरून परत फिरलेला दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत दृष्टीची अडचण असलेल्या ५० लाखांहून जास्त माणसांची देशात नोंद झाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत बसलेले आजोबा-आजी यात किती धरले गेले, देव जाणे.

ऑगस्ट २०१९ चं सांगतो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. दर तासाला पातळीचे आकडे फिरत होते, पण बहुतेक सगळे चित्राच्या रूपात: निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात बोधचिन्ह. मित्राच्या फोनवर ते आले की फोन एवढंच म्हणायचा, “फोटो.” पुन्हा, “फोटो.” पाणी चढतंय की उतरतंय हे विचारायला तो रात्री दोनला लोकांना फोन करत होता, आणि लोक सामान माळ्यावर चढवण्यात गुंतलेले. त्या चित्राखाली एक ओळ टाइप केली असती, ‘सकाळी ७ वाजता पातळी इतके फूट’, तरी भागलं असतं. तो आजही म्हणतो, “पूर मला भिंतीपलीकडच्या आवाजावरून कळला, फोनवरून नाही.”

तेव्हापासून गिऱ्हाईक येत नाही या मुद्द्यावर मी वाद घालत नाही.

मजकूर मराठीतच टाकलाय, तरी स्क्रीन रीडर भलतंच बरळतो. का?

दहातल्या निम्म्या वेळा कारण एकच निघतं: जुना फॉन्ट. श्रीलिपी, कृतीदेव, डीव्हीबी योगेश ही नावं छापखान्यात आणि टायपिंग सेंटरमध्ये आजही रोज कानावर पडतात. युनिकोड (जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी मराठी टाइप करायची युक्ती अशी होती की कॉम्प्युटरमध्ये साठवायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्टमध्ये त्यांच्या जागी मराठी आकार काढून ठेवायचे. पडद्यावर ‘सभासद’ दिसतं, पोटात मात्र इंग्रजी अक्षरं, अर्धविराम आणि कंस यांची खिचडी असते. स्क्रीन रीडर ती खिचडी इमानेइतबारे वाचतो. एका पतसंस्थेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस मित्राला ऐकवली, तर तो म्हणाला, “हे कुणीतरी कीबोर्डवर बसल्यासारखं वाटतंय.”

ओळखायची सोपी खूण आहे. मजकूर कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये किंवा नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ झाला तर जुना फॉन्ट.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, रफार नंतर. बदलताना हे दोघे हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, आणि जोडाक्षरांचीही मोडतोड होते. शंभर पानांचा अहवाल असेल तर एका माणसानं तो सगळा वाचून काढणं भागच आहे. हे काम कंटाळवाणं आहे हे मान्य. इतर सगळं केलं आणि हे टाळलं, तर मात्र केलेलं सगळं पाण्यात.

मजकूर युनिकोडच आहे. पण आवाज एखाद्या इंग्रजानं मराठी वाचल्यासारखा येतो किंवा मध्येच गप्प होतो.

पानाची भाषा सांगायची राहिली आहे. वेबसाइटच्या सांगाड्यात सगळ्यात वर एचटीएमएल टॅग असतो. त्यात ‘लँग’ नावाची जागा असते आणि तिथे भाषेची दोन अक्षरं लिहायची असतात. मराठीसाठी ‘एमआर’. आपण तयार टेम्प्लेट घेतो, त्यात ‘ईएन’ म्हणजे इंग्रजी भरलेलं असतं आणि ते तसंच राहतं. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि त्या आवाजाला देवनागरी येत नसेल तर तो ओळीच्या ओळी गाळतो.

कधी कधी तिथे ‘एचआय’ म्हणजे हिंदी सापडतं. लिपी एकच असल्यामुळे चुकतंय हे पटकन लक्षातही येत नाही. कानाला मात्र हिंदी बातम्या देणाऱ्यानं सातबारा वाचल्यासारखं लागतं. पानाच्या मध्ये इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या भागाला वेगळी भाषा लावता येते. हे काम डेव्हलपरचं आहे आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. फक्त त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आवाज योग्य लावला तरी तो माणूस होत नाही, हेही सांगतो. ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘नीट जग’ मधलं जग, हे आपल्याला संदर्भावरून कळतं. लिहायला दोन्ही एकच. यंत्र त्यातला एक ‘ज’ धरून चालतं. त्याला इलाज नाही, आणि ऐकणाऱ्यांना त्याची सवय असते.

मराठी टाइप करताना आपण नेमक्या कोणत्या चुका करतो?

हा माझा आवडीचा प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

सगळ्यात वर विसर्ग. ‘वेळ’ लिहून पुढे दोन टिंबं द्यायची असतात, आणि लोक अपूर्णविरामाऐवजी विसर्ग दाबतात. दिसायला सारखंच. आवाज म्हणतो, “वेळह”. “स्थळह”. “संपर्कह”. संस्कृतची शिकवणी चालल्यासारखं. उलटी चूक त्याहून जास्त: ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ यांत विसर्ग हवा तिथे अपूर्णविराम. तिथे शब्द मधूनच तुटू शकतो आणि ‘दु’ आणि ‘ख’ वेगवेगळे ऐकू येतात. शोधायला गेलं तरी असा शब्द सापडत नाही, तो तोटा डोळसांनाही.

दुसरं, शोभेसाठी अक्षरं सुटी करणं. लग्नपत्रिकेत ‘नि मं त्र ण’ शोभतं. वेबसाइटवर ते चार वेगळी अक्षरं म्हणून वाचलं जातं. शब्द रुंद दिसायला हवा असेल तर अक्षरांमधलं अंतर डिझाइनमधून वाढवा, स्पेस देऊ नका. (खरं तर देवनागरीत तेही नको, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.)

तिसरं, आपला खास मराठी ‘ऱ्य’. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘र’ला खाली टिंब असलेलं वेगळं अक्षर असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. हे न दिसणारं चिन्ह काही सॉफ्टवेअर मजकूर साठवताना चाळून टाकतात. मग सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’ मानधन द्यायचं ते ‘आचार्यांना’ मिळतं. पहिली पद्धत वापरा. ‘ॲ’चंही तसंच आहे. युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीची सवय म्हणून ‘अ’ला वरून चंद्र लावणारे अजून आहेत. एका साइटवर दोन्ही ठेवू नका.

मग संक्षेप. ‘मु. पो. कवलापूर, ता. मिरज, जि. सांगली’ हे आपण एका दमात वाचतो. स्क्रीन रीडर प्रत्येक टिंबाला वाक्य संपलं असं समजू शकतो, आणि ऐकणाऱ्याला “मू”, “पो”, “ता”, “जी” असे हुंकार ऐकू येतात. ‘तालुका मिरज, जिल्हा सांगली’ असं पूर्ण लिहिलं तर किती जागा जास्त जाते? ‘मा.’, ‘स. न. वि. वि.’, ‘कै.’ यांनाही हेच लागू. ‘डॉ.’ आणि ‘रु.’ बहुतेक आवाजांना कळतात, पण ‘रु. ५००/-’ मधली ती तिरकी रेघ आणि आडवी रेघ? ती चेकवर कुणी पुढे आकडा वाढवू नये म्हणून मारायची असते. वेबसाइटवर कोण वाढवणार आहे? ‘५०० रुपये’ लिहा.

वेळ ‘१०-५’ अशी लिहिली तर दहा वजा पाच ऐकू येऊ शकतं. ‘सकाळी १० ते संध्याकाळी ५’. तारीख ‘०५/११’ ही पाच नोव्हेंबर की अकरा मे, असा प्रश्न नुसत्या आकड्यांत पडतोच. ‘५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन’ यात तो पडत नाही. मोबाइल नंबर सलग दहा आकडी लिहिला तर काही आवाज तो कोटींत मोजतात, “नऊशे नव्वद कोटी” वगैरे. मित्राचं म्हणणं, एवढी रक्कम कानावर पडली की फोन लावायची हिंमत होत नाही. मध्ये स्पेस देऊन दोन-तीन तुकडे करा. आपल्या सांगलीच्या ०२३३ या एसटीडी कोडपुढेही स्पेस हवी.

मराठी मजकुरातले इंग्रजी शब्द देवनागरीत लिहू की इंग्रजी लिपीत?

रुळलेले शब्द देवनागरीत: बँक, फॉर्म, पासबुक, लॉगिन. त्यांच्यासाठी आवाज बदलायला लागू नये. दर दोन शब्दांनी आवाज मराठीचा इंग्रजी होत राहिला तर ऐकणाऱ्याचं डोकं उठतं. ईमेलचा पत्ता किंवा पासवर्ड असं जिथे अक्षर न् अक्षर नेमकं टाइप करायचं असतं, तिथे मूळ लिपीच ठेवा.

सगळी मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहिण्याचा मोह मात्र आवरा. ते इंग्रजी आवाजात ऐकून बघा एकदा. मी ऐकलंय, काही कळत नाही.

मथळे ठळक केले की झालं ना?

नाही झालं. ठळक अक्षर म्हणजे फक्त जाड शाई. मथळ्याला मथळा म्हणून खूण करावी लागते: वर्डमध्ये ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या स्टाइल, वेबसाइटच्या एडिटरमध्येही तशीच यादी असते. एनव्हीडीए वापरणारा एच ही कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. तुम्ही पान वरून खाली नजरेनं चाळता तसंच ते. मथळे नसतील तर त्याला मुदत ठेवीचा व्याजदर कळायला अध्यक्षांचं मनोगत पहिल्यापासून ऐकावं लागतं. तुम्ही ऐकाल?

‘येथे क्लिक करा’ यात काय वाईट आहे? सगळे तेच लिहितात.

स्क्रीन रीडरमध्ये पानावरच्या सगळ्या लिंकची यादी एकदम काढता येते. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ-७. आता कल्पना करा: “येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा.” बसस्टँडवरच्या सगळ्या एसटींवर नुसतं ‘गाडी’ लिहिलंय, तसं. लिंकवर गावाचं नाव हवं: ‘सभासद अर्ज डाउनलोड करा’, ‘२०२४-२५ चा वार्षिक अहवाल’. फाइल पीडीएफ असेल तर तेही लिहा, म्हणजे नेट कमी असणारा आधीच सावध होईल.

याच्या जोडीला ‘उजवीकडचं हिरवं बटण दाबा’ आणि ‘लाल रकाने भरणे आवश्यक’ हीही वाक्यं काढा. उजवीकडे आणि लाल हे ऐकू येत नाही. बटणाचं नाव सांगा.

फोटोंना वर्णन द्यायचं म्हणतात. काय लिहायचं त्यात?

प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर लिहायची जागा असते, तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ती जागाच नसली तर स्क्रीन रीडर बऱ्याचदा फाइलचं नाव वाचतो, आणि आपल्या फाइलची नावं म्हणजे ‘व्हॉट्सॲप इमेज’ आणि पुढे वीस आकडे.

काय लिहायचं ते फोटोवर ठरत नाही, तो फोटो तिथे कशाला लावलाय यावर ठरतं. आयर्विन पुलाचा फोटो घ्या. सांगली दर्शनच्या पानावर ‘कृष्णा नदीवरचा आयर्विन पूल, १९२९ साली बांधलेला’ पुरे. पूरस्थितीच्या पानावर त्याच पुलाला ‘पाणी कमानींच्या वरच्या टोकाला टेकलंय, पुलावर वाहतूक बंद’ असं हवं. तिथे १९२९ कुणाला हवंय! छायाचित्र स्पर्धेच्या पानावर उजेड, धुकं, नावाडी हे सांगायचं.

‘चित्र:’ किंवा ‘फोटो:’ अशी सुरुवात करू नका, ते स्क्रीन रीडर आपणहून सांगतो. फुलांची वेलबुट्टी, नुसती शोभेची पट्टी यांना रिकामं वर्णन द्या. जागा ठेवायची, पण आत काही लिहायचं नाही. मग तो गुपचूप पुढे जातो. चित्रावरच मजकूर असेल, म्हणजे आपले ते अभिष्टचिंतनाचे आणि सूचनेचे फलक, तर तो सगळा मजकूर पानावर टाइप केलेला हवा. फलक शोभेला राहू द्या.

समारंभाच्या फोटोत नऊ माणसं हारतुरे घेऊन उभी असतात. सगळ्यांची नावं लिहायची का, असं विचारतात. बातमीत नावं आली असतील तर वर्णनात परत नकोत. मित्र म्हणतो, “सत्कार एकदा ऐकला की पुरे.”

बाजारभावाचा तक्ता आहे. तो कसा वाचला जातो?

तक्ता खरा तक्ता असेल तर फार चांगला. समजा मार्केट यार्डातल्या राजापुरी हळदीचे दर आहेत: आवक, किमान, कमाल, सरासरी. वरच्या ओळीतल्या घरांना ‘हे शीर्षक आहे’ अशी खूण असेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ दाबत आडवं सरकताना ऐकू येतं, “कमाल दर, १६,२००”. खूण नसेल तर नुसतं “१६,२००”. हा कमाल की सरासरी? का पोत्यांची संख्या? चार घरं मागे जाऊन, डोक्यात मोजून ठरवायचं.

घरं एकत्र जोडू नका. रिकामं घर ठेवू नका, ‘आवक नाही’ लिहा. आडवी रेघ मारून ठेवली तर सौदा झाला नाही की आकडा यायचाय, कळत नाही. स्पेसबार दाबत ओळीत बसवलेला तक्ता हा तक्ताच नव्हे. आणि तक्त्याचा फोटो काढून टाकणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही, पुराची गोष्ट पुन्हा वाचायला लावतो.

नोटिसा पीडीएफमध्ये असतात. पीडीएफ चालते का?

सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला, तर ती पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. आत एकही अक्षर नाही. वर्डमधून बनवत असाल तर ‘सेव्ह ॲज’ मधून पीडीएफ करा. ‘प्रिंट’ मधून पीडीएफ काढली की मथळ्यांच्या आणि तक्त्यांच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. सहीचीच प्रत हवी असा नियम असेल तर ती ठेवा, आणि तोच मजकूर वेबसाइटवर साध्या पानातही द्या. जुन्या स्कॅनवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवून मजकूर काढता येतो, पण मराठीत ‘ख’चा ‘रव’ होतो आणि अनुस्वार गळतात, त्यामुळे तपासणारा माणूस लागतोच.

फॉर्ममध्ये काय बघायचं?

प्रत्येक रकान्याला जोडलेलं नाव हवं. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ‘पूर्ण नाव’ लिहून भागत नाही, टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं. चूक झाली तर ‘अवैध माहिती’ असं ठणकावण्यापेक्षा ‘पिनकोड ६ आकडी हवा’ असं सांगा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा असेल आणि ऐकायची सोय नसेल, तर तो फॉर्म अंधांसाठी बंद आहे. एका ठिकाणी मित्रानं अर्धा तास खपून अर्ज भरला आणि शेवटी कॅप्चापाशी अडला. शेजारच्या सहावीतल्या मुलानं येऊन तो ओळखला, आणि जाता जाता विचारलं, “काका, तुमचा पगार एवढाच?”

साइटवर ‘ऐका’ असं बटण आणि अक्षर लहान-मोठं करायची सोय लावली की पुरे ना?

ज्याला दिसत नाही त्याच्याकडे स्वतःचा आवाज असतो, आपल्या वेगाला लावलेला. ते ‘ऐका’ बटण सापडेपर्यंत तो तुमचं पान संपवून बसलेला असतो. अक्षरं मोठी करायची सोय अंधुक दिसणाऱ्यांना उपयोगी, पण तीही ब्राउझरमध्ये आधीपासून आहे.

एका ओळीचा कोड टाका आणि साइट आपोआप सुगम करा, अशी उत्पादनंही विकली जातात. ती घेऊ नका. असले दावे केल्याबद्दल ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत २०२५ साली १० लाख डॉलर भरावे लागले. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम कुणीतरी बसूनच घालायचा आहे, तो कोड घालणार नाही.

कायद्यानं हे बंधनकारक आहे का? आमची तर साधी पतसंस्था.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी आणि फर्मबरोबर सहकारी संस्था, ट्रस्ट, कारखाना हे सगळे आहेत. म्हणजे पतसंस्था आली, साखर कारखानाही आला. पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्याला ५०,००० ते ५ लाख. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ऑनलाइन केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

नियम कुठले पाळायचे, तर जगभर डब्ल्यूसीएजी ही, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वं चालतात. पहिली आवृत्ती १९९९ ची, सध्याची २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. तिच्यातल्या तीन पातळ्यांपैकी मधली ‘एए’ ही पातळी गाठायची असं धरून चाला. आपलं भारतीय मानक आयएस १७८०२ आहे आणि सरकारी साइटसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं. मी वकील नाही. नोटीस आली असेल तर वकिलाकडे जा, माझ्याकडे नको.

मी स्वतः तपासू शकतो का?

शकता की. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए उतरवून घ्या. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे, रोबोटसारखी बोलते पण बोलते. त्याच्या टूल्स मेनूत ‘स्पीच व्ह्यूअर’ आहे, तो बोललेलं सगळं लिहूनही दाखवतो. ऐकून चूक पकडायची सवय नसणाऱ्यांना ते बरं पडतं. मग मॉनिटर बंद करा आणि आपल्याच साइटवर कर्जाचा व्याजदर शोधा.

फोनवर टॉकबॅक चालू करण्याआधी तो बंद कसा करायचा ते पाठ करा. चालू झाला की एका टिचकीनं नुसतं नाव ऐकू येतं, उघडायला दोन टिचक्या लागतात, आणि सरकवायला दोन बोटं. एका संस्थेच्या सचिवांनी सभेत प्रात्यक्षिक म्हणून टॉकबॅक लावला. पुढची वीस मिनिटं सगळी कार्यकारिणी तो बंद करण्यात रंगली होती.

आणि तुमच्या तपासणीवर थांबू नका. रोज वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. चहावर भागवू नका.

जुन्या साइटवर हजारभर पानं आहेत. सुरुवात कुठून?

लोक ज्यासाठी येतात तिथून. संपर्क, वेळा, दर, अर्ज. उद्घाटनाच्या बातम्या पुढच्या वर्षी केल्या तरी चालतील. नवीन चढेल ते मात्र आजपासून नीट चढू द्या.

पानाच्या डोक्यावर ‘॥ श्री ॥’ आहे. काढायचं का? आणि इमोजी?

इमोजीचं नाव वाचलं जातं. हात जोडलेले पाच इमोजी टाकले की काही फोनवर पाच वेळा हात जोडल्याचं ऐकावं लागतं, म्हणून एकच ठेवा आणि तो वाक्याच्या शेवटी. नुसत्या फुल्यांच्या आणि रेघांच्या ओळी काढून टाका.

‘॥ श्री ॥’ राहू द्या. काही आवाज त्या दंडांना दंड म्हणतात, काही गप्प बसतात. मित्राला विचारलं तर म्हणाला, “गणपतीच्या गावात राहून श्री काढतोस होय? ते ठेव. त्याच्याखालचं अध्यक्षांचं मनोगत काढ.”